पाडायचं असेल तर आधी नाव सांगा

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत कुणा मराठी माणसाकडे जेवायला गेलं की मठ्ठा येईपर्यंत मला एक प्रश्न ठरलेला असायचा. "मेधाताई, तुम्ही कॉलेजात नक्की शिकवता काय?" मी सांगायची, युरोपातली सरकारं, त्यातही मुख्यतः जर्मनीचं. जमलेले सगळे सॉफ्टवेअरमधले, नाहीतर औषधकंपन्यांतले. एकदा एका गृहस्थांनी घास हातात तसाच धरून हिशेब मांडला, "म्हणजे पुण्याची बाई, अमेरिकेत येऊन, अमेरिकन मुलांना, जर्मनीचं सरकार शिकवते. आणि त्याचे ते पैसे देतात?" मी म्हटलं, "थोडे." त्यावर त्यांचं समाधान झालं आणि ते पुन्हा जेवायला लागले.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. निवृत्त हा शब्दही जरा भारीच. आम्ही ऍडजंक्ट, म्हणजे दर सत्राला नव्यानं नेमणूक होणारे मास्तर. वर्ग भरला तर नोकरी, नाही भरला तर कॅन्सल. आम्हाला खोली नाही, टेबल नाही. माझं ऑफिस माझ्या गाडीच्या डिकीत होतं. तिथे मुलांचे पेपर, बर्फाचे बूट आणि जर्मन घटनेच्या दोन प्रती कायम असायच्या. जर्मन मी पुण्यात शिकले. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पुण्यात घरटी एक तरी माणूस जर्मन शिकत असे, आणि पुढे त्याचं काय करायचं हे फारसं कुणाला माहीत नसे. लग्न करून इथे आले तेव्हा व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. सार्वजनिक वाचनालयात बसून वाचायला मात्र परवानगी लागत नाही. तिथून एम. ए., तिथून हे मास्तरपण.

अमेरिकन मुलाला जर्मनी शिकवताना पहिली अडचण अशी, की त्याच्या डोक्यात अध्यक्ष ठाम बसलेला असतो. चार वर्षांसाठी निवडला, आवडो न आवडो, चार वर्षं तो तिथे. त्याला सांगावं लागतं की जर्मनीत लोक चॅन्सेलर, म्हणजे तिथला पंतप्रधान, निवडत नाहीत. लोक संसद निवडतात आणि संसद चॅन्सेलर निवडते. मग मागून कुणीतरी हात वर करून विचारतंच, "म्हणजे संसद त्याला हाकलूही शकते?" हा प्रश्न आला की माझा दिवस सार्थकी लागायचा, कारण माझ्या आवडत्या कलमाचं दार तिथे उघडतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जर्मनीत संसद सरकार सहज पाडू शकत असे. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन टोकांचे पक्ष पाडण्यापुरते एक व्हायचे. पाडून झालं की नवं सरकार कुणाचं यावर त्यांचं जमायचं नाही, आणि खुर्ची रिकामी. त्या रिकाम्या खुर्चीवर पुढे कोण येऊन बसलं ते जगाला माहीत आहे. म्हणून युद्धानंतर घटना लिहिणाऱ्यांनी अट घातली: चॅन्सेलर नको असेल तर नुसता "नको" म्हणायचं नाही. त्याच मतदानात, त्याच ठरावात, त्याच्या जागी कोण हे निवडून द्यायचं. शिवाय ठराव आणि मतदान यांच्यामध्ये दोन दिवस जाऊ द्यायचे, डोकी थंड व्हायला. मी वर्गात सांगायची, स्वयंपाकाची बाई काढायची असेल तर आधी दुसरी दारात उभी पाहिजे. आजवर असा ठराव एकदाच यशस्वी झाला आहे. त्या दिवसाचा एक फोटो मी दर सत्रात दाखवत असे. नुकताच पडलेला चॅन्सेलर स्वतः उठून नव्याजवळ गेला आहे आणि त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन करतो आहे. पडलेल्या माणसाचा चेहरा बघा, असं मी मुलांना सांगायची.

कलमं वाचून कुणाला कळत नाहीत, म्हणून मी वर्गाचीच संसद करायची. एका वर्षी चॅन्सेलर झाला रे. वय पन्नाशीपुढचं, शेजारच्या वुस्टरमध्ये शाळेची बस चालवायचा, राहिलेली डिग्री पुरी करायला आला होता. पोरांनी त्याला गंमत म्हणून निवडलं आणि मग त्यांना कंटाळा आला, कारण रे प्रत्येक प्रश्नावर विचार करून, सावकाश बोलायचा. कर वाढवा म्हणणारे आणि कर नकोतच म्हणणारे, दोघांनी मिळून त्याला पाडायचा ठराव आणला. मी म्हटलं, नाव सांगा. त्यांच्याकडे नाव नव्हतं. सोमवार ते बुधवार त्यांनी खूप फोनाफोनी केली, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी तयार होईना. रे टिकला.

खरी गंमत त्यानंतर झाली. दोन आठवड्यांनी त्याच्या बायकोचं ऑपरेशन ठरलं, आणि तो मला म्हणाला, मॅडम, मला हे चॅन्सेलरपद सोडायचंय. मी मोठ्या उत्साहानं त्याला पुढचं कलम वाचून दाखवलं. राष्ट्राध्यक्षांनी विनंती केली, तर जाणाऱ्या चॅन्सेलरला दुसरा नेमला जाईपर्यंत कारभार बघावाच लागतो. रेनं ते नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, हे बक्षीस आहे की शिक्षा? वर्ग हसला, मीही हसले. अर्थात त्याला मी सुट्टी दिली, मार्कही चांगले दिले. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, कारण तो मला विनोदच वाटला होता.

आता आमच्या मंडळाकडे येते. बारा गावचं पाणी प्यालेले मराठी लोक एका गावात आले की मंडळ होतंच, आणि मंडळ झालं की ते फुटायला येतंच. आमच्याकडे एका वर्षी गणपतीच्या जेवणावरून एका अध्यक्षांना पाडलं आणि नाटकाच्या तालमीवरून दुसऱ्यांना. दोन्ही वेळा पाडणाऱ्यांची एकजूट बघण्यासारखी होती. मग दिवाळी आली, आणि लक्षात आलं की हॉल बुक करायला अध्यक्षच नाही. त्या वर्षी आमची दिवाळी झाली नाही. पुढच्या सभेत सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली. तुम्ही घटना शिकवता ना, मग आपलीही लिहून द्या. मी घरी आले आणि जर्मनांची दोन्ही कलमं मराठीत आणून बसवली, अध्यक्षांसाठी आणि आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या प्रमुखांसाठीही. पाडायचं तर त्याच ठरावात नाव सांगा, दोन दिवस थांबा, आणि जाणाऱ्यानं सभेच्या विनंतीवरून नवा येईपर्यंत काम बघावं. लोक त्याला जर्मन कलम म्हणायला लागले. मंडळ त्यानंतर फुटलं नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता.

शाळेच्या प्रमुख म्हणजे नलूमावशी. नागपूरला शाळेत शिकवून रिटायर झाल्या, यजमान गेल्यावर मुलाकडे इथे आल्या आणि घरी बसवेना म्हणून मूठभर पोरं जमवून ही शाळा सुरू केली. पुढे चर्चनं आम्हाला तळघर दिलं आणि दाराची किल्ली मावशींच्या हातात आली. बर्फ असो, ताप असो, मावशी दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडणार. घरात आईबापांशी इंग्रजीत बोलणारी पोरं मावशींपुढे मराठीत भांडायची. त्याहून मोठं सर्टिफिकेट मला तरी माहीत नाही.

गेल्या संक्रांतीला मावशींनी घरून तिळाचे लाडू करून आणले आणि त्यात सवयीनं दाण्याचं कूट घातलं. इथे कितीतरी मुलांना शेंगदाण्याची ऍलर्जी असते. शाळेत दाण्याचं काही आणायचं नाही हा नियम मावशींनीच केलेला, दारावरची पाटीही त्यांच्याच हातची. केदार म्हणून पुण्याचा एक तरुण बाप आहे. त्याच्या सात वर्षांच्या अन्वीनं लाडू खाल्ला आणि तिचे ओठ सुजले, श्वास लागला. केदारनं खिशातलं पेनासारखं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं. अँब्युलन्स आली, पोर संध्याकाळी हसत घरी आली. मावशी भिंतीला टेकून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मी दाणे नाही घातले." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तिळगूळ घेऊन गोड बोलायच्या दिवशी लोक त्यांच्याशी बोललेच नाहीत.

शुक्रवारी झूमवर सभा झाली. शाळेत दोन तट पहिल्यापासूनचे. एकांना परीक्षा आणि सर्टिफिकेट हवं, दुसऱ्यांना गाणी, सण आणि आनंद. दोघांचं कधी पटलं नाही, पण त्या दिवशी मावशी नकोत यावर पटलं. मावशी सभेत होत्या, त्यांचा चौकोन दिसत होता, पण कॅमेरा छताकडे वळलेला होता. फक्त त्यांच्या खोलीतला पंखा दिसत होता.

केदारनं ठराव मांडला. मी घटनेची राखणदार. मी म्हटलं, ठराव असा घेता येणार नाही, नाव लागेल.

"मेधाताई, सॉरी," तो म्हणाला, "पण हे कॉन्स्टिट्यूशनबद्दल नाहीये. माझी मुलगी माझ्या हातात ब्लू पडत होती, यार. मला सक्सेसर नकोय. मला शाळा सेफ हवीय, नाहीतर बंद करा."

त्याचं काही चुकलं नव्हतं. माझंही कलम चुकलं नव्हतं. मी वर्गात विचारायची तसंच विचारलं, कोण तयार आहे? एकाचं ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीज होतं, एकीच्या मुलाचं रविवारी सॉकर, एकांची बदली होणार होती दुसऱ्या राज्यात, कॅरीला. बघता बघता झूमवरचे निम्मे कॅमेरे बंद झाले. मग ठरलं की दोन दिवस थांबायचं, रविवारी तळघरात मतदान. नाव मिळालं नाही तर शाळा बंद. म्हणजे इतकी वर्षं शाळा चालवून मावशी घरी जाणार त्या एका पोरीला विष घालणारी बाई म्हणून, आणि त्यांच्यामागे दाराला कुलूप.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. मुलगा बाहेर बर्फ काढत होता. मावशींनी चहा टाकला, साखर घातली, आणि थोड्या वेळानं पुन्हा डब्याकडे हात नेला. मी तो हळूच धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी न विचारताच बोलायला लागल्या.

"मला माहीत आहे गं, मी विसरून राहिली. आज नाही, दोन वर्षं झाली. तुला काय वाटते, मला खुर्ची सोडवत नाही?"

मी म्हटलं, "मावशी, तसं कुणीच म्हणत नाहीये."

"मग काऊन धरून ठेवलं मला? दोनदा सांगितलं ना मी सभेत, आता पुरे म्हणून. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणे मावशी, तुमच्याशिवाय शाळा कशी. दुसरं कोणी मिळेपर्यंत तुम्हीच पाहा, कलमच आहे तसं." त्या थोडं थांबल्या. "तुझंच कलम आहे ना ते?"

माझंच होतं. दोन्ही सभांना मी हजर होते, दोन्ही वेळा मी ते कलम हसत हसत वाचून दाखवलं होतं आणि लोकांना गंमत वाटली होती. पाडणाऱ्यांना अडवणारं कलम मी इतकी वर्षं शिकवलं, पण त्याच कलमानं आतला माणूसही अडकतो याचा मी कधी विचार केला नव्हता. मला शाळेची बस चालवणारा रे आठवला. निघताना मावशींनी माझ्या कोटाची बटणं लावली, लहान मुलाची लावतात तशी, आणि म्हणाल्या, "पाडा मला. पण पोरांना कोणीतरी द्या."

घरी येऊन सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या ओळखीत कुणीतरी असेल की, विचार करून बघ. मी भांडी घासत नावं घेत होते आणि तो एकेक खोडत होता. शेवटी तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "एवढी वर्षं सरकारं शिकवलीस. एकदाही कशाला उभी राहिली नाहीस."

हे खरं होतं. वर्गात मी कधी चॅन्सेलर नव्हते, कायम सभापती. ऍडजंक्टला कॉलेजच्या कमिटीवर घेत नाहीत, आणि मंडळात मी घटना लिहून दिली ती बहुधा दुसरं काही अंगावर येऊ नये म्हणून. आता कुठे रविवारी उशिरा उठायचं सुख लागलं होतं. लहान मुलांना शिकवायची मला तर भीतीच वाटते. ती खोटं हसत नाहीत.

संध्याकाळी मी केदारला फोन केला. ठराव तूच मांड, म्हटलं, फक्त त्यात माझं नाव घाल. आणि मावशींनी दोनदा सोडायचं म्हटलं होतं, आपणच सोडू दिलं नाही, हेही सांगितलं. मग तो म्हणाला, "त्या खरंच सोडायचं म्हणत होत्या, आय डिडन्ट नो दॅट, ताई. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या." मी म्हटलं, मीही.

रविवारी तळघर भरलं होतं. मावशी पहिल्या रांगेत, नऊवारीसारखी चापूनचोपून नेसलेली पाचवारी आणि वरून मुलाचं जाकीट. केदार उभा राहिला. आमच्या घटनेत ठरावाचा मसुदा दिलेला आहे, त्यात सुरुवातीलाच अविश्वास असा शब्द आहे. केदारनं तो वगळला. तो एवढंच म्हणाला, "नलूमावशींनी आपली शाळा उभी केली. त्यांच्या जागी मेधाताईंना निवडावं असा मी ठराव मांडतो." वर्गात कुणी अर्धाच मसुदा वाचला असता तर मी त्याचे मार्क कापले असते. इथे मी गप्प बसले.

मतदान चिठ्ठ्यांवर घ्यायचं असतं. पण चिठ्ठ्या वाटायच्या आधीच मावशींचा हात वर गेला, सरळ, वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी करते तसा. मग बाकीचे हात गेले. केदारच्या मांडीवर बसलेल्या अन्वीनंही केला. तिला मत नव्हतं, पण कुणी खाली करायला सांगितलं नाही. मावशी उठल्या, सावकाश चालत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता हात हातात घेतील, तो फोटोतल्यासारखा. त्यांनी माझी मूठ उघडली, तीत किल्ली ठेवली आणि मूठ बंद केली. म्हणाल्या, "दार जरा वर उचलून लोटायचं. नाहीतर लागत नाही." त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यावर मोकळं झाल्याचा आनंद होता आणि डोळ्यांत पाणी होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. त्यांना घरी सोडायला केदार गेला.

ही जानेवारीतली गोष्ट. आता शाळा मी चालवते, बरी चालवते. दोन्ही तट माझ्यावर नाराज आहेत, म्हणजे कारभार ठीक असावा. पुढच्या प्रमुखाचं नाव मी आत्तापासून शोधते आहे, आणि ते दुसरं कलम आम्ही सुधारलं. आता विनंतीला मुदत आहे. जर्मनांना कुणीतरी कळवायला हवं.

मावशी अजून येतात. पहिले काही रविवार त्या मागे बसून माझी बाराखडी शिकवायची पद्धत कशी चुकते ते खुणेनं सांगायच्या. अलीकडे येतात तशाच, पण मधलं काही आठवणीतून निसटतं. मध्यंतरी एका रविवारी मी पोचले तर मावशी दारापाशी उभ्या, पर्समध्ये काहीतरी शोधत, स्वतःवर चिडलेल्या.

"किल्ली कुठे ठेवली गं मी?"

माझ्या हातातच होती. म्हटलं, "माझ्याकडे दिली होती तुम्ही, ठेवायला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

मी किल्ली दिली. त्यांनी कुलूप काढलं, दार जरा वर उचललं, लोटलं, आणि मुलांना आत घ्यायला उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आता दर रविवारी किल्ली मीच नेते, आणि कुलूप त्याच उघडतात. आमच्या घटनेत याची तरतूद नाही. मी ती लिहिणारही नाही.